ज्याने रुतवला त्याने उतरायचं

गंजाडच्या आसपासच्या पाड्यांवर पावसाळ्यात कुणाचा ट्रॅक्टर खाचरात रुतला, की माणूस धावत पांड्याकडे यायचा. पांड्या जेवत असला तर आधी जेवण पुरं करायचा. "तो काय पळून जातो काय? फसलाय ना," असं म्हणून सावकाश हात धुवायचा, खुंटीवरची साखळी खांद्यावर टाकायचा आणि निघायचा. पैसे घ्यायचा नाही. काम झाल्यावर एक कप चहा घ्यायचा, तोही कोरा. मात्र त्याची एक अट असायची आणि ती भल्याभल्यांना झोंबायची. शेतात पोचल्या पोचल्या तो ड्रायव्हरला सांगायचा, "उतर खाली. ज्याने रुतवला त्याने उतरायचा. बांधावर बस, पाणी पी."

त्याचं म्हणणं साधं होतं. चाक रुतलं की माणसाचं डोकं तापतं. डोकं तापलं की पाय रेसवर जातो. रेस दिली की चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचाच खड्डा खणतं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो हाच. रुतलेला ट्रॅक्टर थंड डोक्यानेच निघतो आणि ज्याने रुतवला त्याचं डोकं थंड असण्याची शक्यता नाही, तेव्हा त्याने उतरावं हे बरं.

शेजारच्या पाड्यावरच्या लाहूला हे पटलं नव्हतं. त्याचा ट्रॅक्टर नवा कोरा होता, त्यावरच्या झेंडूच्या माळासुद्धा अजून सुकायच्या होत्या. "माझा ट्रॅक्टर, मीच बसणार," तो म्हणाला. पांड्याने वाद घातला नाही. साखळी परत खांद्यावर टाकली, बांधावर जाऊन बसला आणि बिडी पेटवली. लाहूने दहा मिनिटं धूर काढला. मागची चाकं निम्मी चिखलात गेली, तेव्हा तो खाली उतरला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मग पांड्या चढला. चाकांमागचा चिखल उकरून घेतला, पेंढा घातला, मागचा गिअर टाकला आणि रेसला पाय न लावता, म्हैस पाण्यातून उठते तसा ट्रॅक्टर बाहेर आणला. लाहूने चहा पाजला, पण त्यानंतर तो पांड्याच्या पाड्याकडे फिरकला नाही.

अशी अट घालणाऱ्या माणसावर एक दिवस ती उलटणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पांड्या ट्रॅक्टर शिकला तो डहाणूच्या एका चिकूच्या वाडीत. पोरसवदा असताना चिकू उतरवायला गेला आणि वीस वर्षं तिथेच राहिला. आधी पाट्या उचलल्या, मग ट्रॉली भरली, मग एक दिवस ड्रायव्हर लग्नाला गेला आणि परत आलाच नाही, तेव्हा हा सीटवर बसला. पुढे वाडीवाल्याने नवा ट्रॅक्टर घेतला आणि जुना पांड्याच्या पदरात पडला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. रंग मूळचा लाल, पण ते सांगावं लागायचं. त्याचा कुठला नट कधी ढिला होतो हे पांड्याला स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

या अकरा वर्षांत डाव्या चाकावरच्या पत्र्यावरची जागा जमनाची. जमना त्याची बायको. बाजाराला, नातेवाइकांकडे, शेतावर, पांड्या जिथे जाईल तिथे ती त्या पत्र्यावर एक हात टेकून बसायची. चालवू का, असं तिने कधी विचारलं नाही आणि चालव, असं त्याने कधी म्हटलं नाही. हे दोघांनाही इतकं सरळ वाटत होतं, की त्यात काही विचारण्यासारखं आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पाड्यावर ट्रॅक्टर हा एकच. बैलजोड्या एकेक करून गेल्या होत्या. पाऊस लागला की अकरा घरांची लावणीआधीची चिखलणी पांड्या करायचा आणि ती पाळीने. पहिली पाळी बायजीची, कारण बायजी म्हातारी, एकटी, आणि तिचं खाचर सगळ्यात खाली, तिथे पाणी आधी भरायचं. बायजी पावसाच्या आधीच दारात बसून विचारायची, "ट्रॅक्टर बरा हाय ना रे?" पांड्याची तब्येत ती विचारायची नाही.

तर ही गोष्ट दोन हजार सतराची, मे महिन्याच्या अखेरची. किनाऱ्यावरच्या वरोरची चंद्रावती दर आठवड्याला आशागडच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची आणि जमना तिची जुनी गिऱ्हाईक. पावसाळ्याचे चार महिने काढायचे तर घरात सुके बोंबील आणि सुकट हवीच, ती जमना चंद्रावतीकडूनच घ्यायची. घासाघीस दोघी मन लावून करायच्या, त्याशिवाय दोघींनाही चैन पडायचं नाही. त्या वर्षी चंद्रावती म्हणाली, "बाय, आमची बोट वर काढायची हाय अमावस्येला. तरनी पोरा सगली कंपनीत जातात, दोर ओढायला मानूस नाय. तुझ्या घरवाल्याला ट्रॅक्टर घेऊन ये म्हनावं. बोंबलाचा भारा बांधून ठेवते."

पावसाळ्यात समुद्र बंद असतो. त्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढून घेतात, आणि ते काम अमावस्येच्या भरतीला करतात, कारण त्या दिवशी पाणी सगळ्यात वर येतं आणि बोट तेवढीच वरपर्यंत तरंगत येते. भरती दुपारी साडेबाराची होती. पांड्या आणि जमना पहाटेच निघाले आणि आशागडवरून, डहाणूवरून सात वाजता वरोरला पोचले. पांड्याला कुठेही वेळेआधी पोचायची खोड होती.

समुद्र त्याने पाहिलेला होता, पण लांबून, पाहुण्यासारखा. आज बघतो तर समुद्र जागेवरच नाही. ओहोटीने पाणी इतकं मागे गेलं होतं की नुसती करडी जमीन दिसत होती आणि पार टोकाला, खाडीच्या तोंडाशी चंद्रावतीच्या घरची बोट कलंडून बसली होती. तिच्यावरची जाळी, दोर, बांबू आधी उतरवून घ्यायचे होते, म्हणजे बोट हलकी व्हावी. चंद्रावतीचा नवरा नारू, साठीचा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बोटीवर उभा राहून सामान खाली देत होता आणि बायका ते डोक्यावर घेऊन येत होत्या. नारूचा मुलगा मितेश, पंचविशीचा, दोर गुंडाळत होता.

पांड्याला रिकामं बसवत नाही. "एवढा ट्रॅक्टर उभा हाय नि बाया डोक्यावर वाहतात? मी आणतो ट्रॉलीतून," तो चंद्रावतीला म्हणाला.

"आन की. पन आमच्या वाटेवरूनच जा," ती म्हणाली आणि डोक्यावरचं ओझं टाकायला पुढे गेली.

बायकांची वाट वेडीवाकडी होती. सरळ बोटीकडे न जाता ती डावीकडे मोठा वळसा घेत होती आणि तीही पाण्यातून. जमिनीवर लाटांच्या बारीक घड्या होत्या, घड्यांत घोटा बुडेल न बुडेल इतकं पाणी साचलेलं. सरळ वाट मात्र कोरडी, गुळगुळीत, नुकती सारवलेली वाटावी अशी. पांड्याने ट्रॅक्टर थांबवून दोन्हीकडे नीट पाहिलं. अकरा वर्षं त्याने भाताच्या जमिनीत ट्रॅक्टर चालवला होता. पाणी साचलं तिथे खाली चिखल, कोरडं दिसलं तिथे घट्ट, हे त्याला लहान पोरासारखं तोंडपाठ होतं. त्याने स्टेअरिंग सरळ ठेवलं.

"बाया तिकडून जातात," पत्र्यावरून जमना म्हणाली.

"बायांना पाय धुवायला पाणी लागता. ट्रॅक्टरला काय?"

समुद्राच्या जमिनीचा कायदा नेमका उलटा आहे. जिथे घड्या आणि पाणी, तिथे खाली वाळू, बैलगाडी चालेल अशी. जिथे गुळगुळीत, तिथे गाळ, आणि त्याला तळ विचारू नये. वरोरचं रांगणारं पोरही हे जाणतं. पांड्याला सांगायला मात्र ते पोर तिथे नव्हतं.

चाळीस पावलं ट्रॅक्टर झकास गेला. मग पुढची चाकं हळूच खाली बसली, एखादा दमलेला माणूस बसतो तशी, आणि मागोमाग मागची.

आणि पांड्याने काय केलं? रेस दिली. ज्या माणसाने गावभर लोकांना सीटवरून उतरवलं, त्याने दातओठ खाऊन रेस दिली. गाळ उडाला, जमनाच्या लुगड्यावर, त्याच्या स्वतःच्या तोंडावर. चाकं आणखी एक वीत गेली. त्याने गिअर बदलला, मागे घेतलं, पुढे घेतलं, डावा ब्रेक दाबून पाहिला, उजवा दाबून पाहिला. पाच मिनिटांत मागचा आस गाळाला टेकला. तेव्हा कुठे तो थांबला. जमना खाली उतरली तर गुडघ्यापर्यंत आत गेली.

नारू बोटीवरून चालत आला. त्याने ट्रॅक्टरकडे एकदा पाहिलं आणि मग बराच वेळ समुद्राकडे पाहिलं.

"आठ वाजलं," तो म्हणाला. "दहाला पानी इथं येल. बाराला इथं दोन पुरुष पानी."

पांड्याच्या तोंडचं पाणी पळालं. खारं पाणी इंजिनात गेलं की इंजिन संपलं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पंधरा-वीस दिवसांत पाऊस लागेल. रोपं हाताएवढी होतील. अकरा खाचरं पाण्याने भरून वाट बघतील आणि बायजी दारात बसून विचारेल, ट्रॅक्टर बरा हाय ना रे? त्याला त्या प्रश्नाची आताच भीती वाटली. अशी भीती त्याला चिखलात कधी वाटली नव्हती, कारण आतापर्यंत चिखल नेहमी दुसऱ्याचा असायचा.

किनाऱ्यावरून माणसं आली. ट्रॉलीची मागची चाकं अजून घट्ट जागेत होती. मधली पिन काढून तिला सगळ्यांनी हाताने मागे ओढून नेलं. मग पांड्याने फर्मान सोडलं. चाकांमागे खणा, खड्ड्यातलं पाणी उपसा, कोरडं काहीतरी आणा. लोकांनी खणलं, बादल्यांनी उपसलं. बायकांनी झावळ्या आणल्या. पांड्या चढला, मागचा गिअर टाकला. झावळ्या चाकाखालून पुढे फेकल्या गेल्या आणि खड्डा बाजूच्या गाळाने परत भरला. पुन्हा उपसलं, पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तशी मेहनत. तास गेला. लांब, खाडीच्या तोंडाशी, एक पांढरी रेघ दिसायला लागली.

नारू एवढा वेळ बाजूला उकिडवा बसून होता. आता उठला. "झाला काय तुझा? आता आमचा करू."

त्याने मितेशला बोटीचा सगळ्यात मोठा नांगर आणि दोन कप्प्या आणायला पाठवलं. ट्रॅक्टर ज्या वाटेने आला होता त्याच वाटेवर मागे, वाळू लागली तिथे, कमरेएवढा खड्डा करून त्यात नांगर पुरला. नांगरापासून कप्पी, कप्पीतून दोर, दोर ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला. बोट ओढायची हीच पद्धत. चंद्रावतीने बायकांना हाक मारली आणि त्या बोंबील वाळत घालायचे बांबू घेऊन आल्या. हंगाम संपला होता, बांबू सोडवून ठेवलेलेच होते. ते चाकांच्या मागे आडवे, दाटीवाटीने अंथरले.

"आता ओढा," पांड्या म्हणाला.

"आता नाय," नारू म्हणाला. "आता बसायचा."

"बसायचा? पाणी येता."

"पानी येल म्हनूनच. हा गाळ कोरडा ओढून सोडत नाय, आनखी धरतो. तू पानी उपसत बसला. अरे, त्याला पानी पाहिजे. चाकाच्या बाजूने पानी आत गेला की तो पकड सोडतो. आमची बोट दोन दिवसांआड रुतते. आम्ही काय करतो? बसतो."

"बोट तरंगते. ट्रॅक्टर तरंगल काय?"

"नाय तरंगनार. म्हनून घोट्याएवढा पानी आला की ओढायचा. गुडघ्याला आला की उशीर झाला. मधे थोडाच वेळ मिळतो."

पांड्याला हे पटेना. आयुष्यभर त्याने चिखलातून पाणी काढलं होतं आणि हा माणूस त्याला पाण्याची वाट बघायला सांगत होता. पांढरी रेघ जवळ आली. आता ती रेघ राहिली नव्हती, तिला फेस दिसत होता. पांड्याच्याने राहवेना. तो उठला, सीटवर चढला, इंजिन चालू केलं आणि पाय रेसवर ठेवला.

जमना ट्रॅक्टरजवळच उभी होती. ती त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "ज्याने रुतवला..."

तिने पुढचं म्हटलं नाही. वरोरच्या माणसांना ते कळलंही नसतं. पांड्याला मात्र कळलं. कानापर्यंत तापलं त्याला. बांधावर तोंड फिरवून उभा राहिलेला लाहू त्याला दिसला, आणि त्या दिवशी लाहूला कसं वाटलं असेल हे पांड्याला आज पहिल्यांदा समजलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि पांड्या तर कोरडाही नव्हता, नखशिखांत गाळाने भरला होता. त्याने पाय रेसवरून काढला आणि खाली उतरला.

"कोन बसल मग?" नारूने विचारलं.

मितेश पुढे आला. "मी बसतो. बोटीचा इंजिन मीच चालवतो, मोटारसायकल चालवतो."

"हा रेस देल," जमना म्हणाली. तिने त्याला सकाळी मोटारसायकलवरून येताना पाहिलं होतं. नारूने स्वतःच्या मुलाकडे पाहिलं आणि मान हलवली. मुलगा त्याला जमनापेक्षा जास्त माहीत होता.

"मी बसते," जमना म्हणाली.

पांड्या तिच्याकडे बघतच राहिला. "तुला गिअर कुठं येता?"

"अकरा वर्षं तुझे पाय बघते मी. पत्र्यावर बसून दुसरा काय बघायचा होता? क्लच सोडायचा हळू, एवढाच ना? रेसला मी पाय लावणार नाय. मला भीती वाटते त्याची."

"मग हीच पाहिजे," नारू म्हणाला.

जमनाने लुगड्याचा काचा घट्ट केला आणि चढली. पांड्याने मागचा पहिला गिअर टाकून दिला, स्टेअरिंग सरळ धरायला सांगितलं, आणखीही दहा गोष्टी सांगायला लागला. तिने क्लच दाबून धरला आणि म्हणाली, "जा, दोर धर."

मग पांड्याने दोर धरला. पुढे एक म्हातारा, मागे चंद्रावती, तिच्या मागे पंचवीस-तीस माणसं, निम्म्याहून जास्त बायका. त्याने आपला ट्रॅक्टर असा लांबून, दुसऱ्याच्या हातात, कधी पाहिला नव्हता. तो त्याला लहान दिसला.

पाणी आलं. लाट वगैरे नाही, नुसता फेसाचा पातळ पदर, गुळगुळीत गाळावरून सरकत आला आणि चाकांभोवती शिरला. खणलेल्या खड्ड्यांत भरला. चाकांच्या कडेने बुडबुडे यायला लागले. पांड्याचे हात आपोआप ताणले गेले.

"थांब," नारू म्हणाला. तो चाकाजवळ उभा राहून नुसते बुडबुडे बघत होता. दुसरा पदर आला. तिसरा. पाणी घोट्याला लागलं. बुडबुडे आधी बारीक होते, मग मोठे झाले, मग एकदम भसाभस आले.

"आता," नारू म्हणाला, आणि बोट ओढतानाची ललकारी दिली.

तीस माणसं एकदम मागे झुकली. कप्पी करकरली. जमनाने पाय हळूहळू उचलला. चाक जागच्या जागी गरगरलं नाही, घसरलं नाही, पकड घेऊन हळूच फिरलं. वासराने आचळ सोडताना होतो तसा आवाज गाळातून आला आणि ट्रॅक्टर हातभर मागे आला.

"दम घ्या." जमनाने क्लच दाबला. दोर ताठच होता. पाणी पोटरीला आलं. पुन्हा ललकारी, पुन्हा हातभर. तिसऱ्या वेळी मागची चाकं बांबूंवर चढली, बांबू कडाकडा वाजले, आणि चौथ्या वेळी कुणाला ओढावं लागलंच नाही. ट्रॅक्टर आपला आपण मागे निघाला. बांबू ओलांडून गेला, वाळूला लागला, तरी थांबेना. माणसं दोर टाकून बाजूला पळाली. जमना स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून सरळ पुढे बघत होती आणि ट्रॅक्टर सरळ मागे चालला होता. पांड्या बाजूने धावत होता, "क्लच! अगो, क्लच दाब!" ट्रॉलीपासून दोन हातांवर तिने क्लच दाबला, मग ब्रेक.

"चालवायचा शिकले होते," खाली उतरत ती म्हणाली, "थांबवायचा तू कधी नीट करत नाय, मग मी कुठं बघणार?"

चंद्रावती हसत हसत वाळूतच बसली. मग सगळेच हसले, आणि पांड्या सगळ्यात जास्त. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते गाळामुळे, असं तो पुढे सांगायचा. त्यांच्यामागे, ट्रॅक्टर होता तिथे, समुद्राने खड्डा झाकूनही टाकला होता.

बायकांनी विहिरीचं गोडं पाणी आणून ट्रॅक्टर धुतला, चार-चारदा धुतला, नवऱ्या मुलाला न्हाऊ घालतात तसा. साडेबाराला भरती लागली. बोट तरंगत आली आणि पांड्याने तिला नारूच्या हुकमाने, नारूने दाखवलेल्या वाटेवरून, वर ओढून नेलं. या वेळी त्याने एकही गोष्ट स्वतःच्या मनाने केली नाही. चंद्रावतीने दोघांना भात आणि माशाचं कालवण पोटभर वाढलं आणि बोंबलाचा जो भारा बांधून ठेवला होता, त्यावर सुकटीची पिशवी ठेवली. जमनाने घासाघीस केली नाही, तेव्हा चंद्रावतीला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

परतताना आशागडच्या पुढे रस्ता मोकळा लागला, तिथे पांड्याने ट्रॅक्टर बाजूला घेतला, उतरला आणि पत्र्याकडे आला. "चालव," तो म्हणाला.

जमनाने रस्त्याकडे पाहिलं. "इथं काय, कोणपण चालवील. मी चिखलातच चालवीन," ती म्हणाली आणि जागची हलली नाही. पांड्या हसत परत सीटवर जाऊन बसला.

त्या साली पाऊस वेळेवर लागला. बायजीने दारातून विचारलं, ट्रॅक्टर बरा हाय ना रे, आणि पांड्याने सांगितलं की बरा हाय, समुद्र बघून आलाय. तिच्या खाचरापासून चिखलणी सुरू झाली आणि अकराच्या अकरा घरं आटोपली. वरोरची हकिकत पांड्यानेच गावभर केली. स्वतःची फजिती इतक्या चवीने सांगणारा माणूस विरळा. गुळगुळीत गाळाचं, बुडबुड्यांचं, म्हाताऱ्या तांडेलाचं तो सांगायचा आणि जमनाच्या क्लचपाशी आला की थांबून बिडी पेटवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याने पुढे काय म्हणून विचारावं.

जुलैत एका दुपारी पांड्या जेवायला बसला होता. दारात लाहू येऊन उभा राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. कमरेपर्यंत चिखल, आणि डोकं कधीच तापून निवलं असावं, कारण चेहरा शांत होता.

"फसला?" पांड्याने विचारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जेवण अर्धं ठेवून उठला. खुंटीवरची साखळी त्याने खांद्यावर घेतली.

"तू ये साखळी घेऊन," लाहू म्हणाला. मग त्याने आत डोकावून पाहिलं. "पण सीटवर जमनावयनी पाहिजे. मी उतरूनच आलोय."

जमना चुलीपाशी होती. तिने पांड्याकडे पाहिलं, हात धुतले आणि काचा घट्ट केला. बांधावरून ती पुढे चालली, तिच्या मागे लाहू, आणि सगळ्यात मागे साखळी वाजवत पांड्या. लाहूच्या खाचरात पोचल्यावर तो चाकांमागे गुडघाभर चिखलात उतरला. त्याने आधी चाकाच्या कडेला बोटभर वाट करून तिच्यात पाणी सोडलं, वाकून बुडबुडे पाहिले आणि म्हणाला, "सोड आता, हळू."